अधूनमधून येणारा 502: नोडचे पाच सेकंद

नोडवर (नोड.जेएस, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) चालणारी आमची सर्व्हिस, तिच्यापुढे येणाऱ्या रिक्वेस्ट सर्व्हरकडे वाटून देणारा लोड बॅलन्सर. दिवसभर सगळं सुरळीत, आणि मध्येच एखादी रिक्वेस्ट 502 (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आलं नाही, असा एरर) होऊन परत यायची. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये तिचा मागमूसही नाही. सीपीयू, मेमरी निवांत. गंमत म्हणजे गर्दीच्या वेळी हे क्वचित व्हायचं, ट्रॅफिक कमी असताना जास्त.

तोच धागा धरून सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट्स टिपणारं टूल) लावून ठेवला. कॅप्चरमध्ये चोर सापडला: कनेक्शन पाच सेकंद रिकामं राहिलं की नोड फिन (कनेक्शन संपवतोय, असं सांगणारं पॅकेट) पाठवून ते बंद करतो, आणि नेमक्या त्याच क्षणी बॅलन्सरने त्यावर नवी रिक्वेस्ट टाकलेली असते. तिला उत्तर मिळतं आरएसटी, म्हणजे कनेक्शन तोडणारं पॅकेट. बॅलन्सर ग्राहकाला 502 देऊन मोकळा.

नोडचा कीप-अलाइव्ह टाइमआउट (रिकामं कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं तो) मुळात 5 सेकंदांचा, आमच्या बॅलन्सरचा आयडल टाइमआउट 60 सेकंदांचा. मागच्या सर्व्हरचा पुढच्या बॅलन्सरपेक्षा मोठा हवा, इथे उलटं होतं. म्हणून सर्व्हरचा कीप-अलाइव्ह टाइमआउट 65000 केला (आकडा मिलिसेकंदांत असतो, 65 लिहिलंत तर आणखी बोंब) आणि हेडर्स टाइमआउट (रिक्वेस्टचे हेडर पूर्ण येईपर्यंत थांबायची मुदत) 66000. डिप्लॉयनंतर कर्ल (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणारं टूल) चालवून रिस्पॉन्सचे हेडर पाहिले; कीप-अलाइव्हपुढे टाइमआउट 65 दिसला, म्हणजे बदल खरंच लागू झाला.

‘बॅलन्सरवर रीट्राय लावून टाक’ असा सल्लाही मिळाला होता. नुसती माहिती वाचणाऱ्या गेट (GET) रिक्वेस्टला चालेल, पेमेंटच्या पोस्टला (POST) मी तरी लावणार नाही; पैसे दोनदा कापले जायचे.