कुत्र्याचे दात घासायचेत? आधी ब्रश बाजूला ठेवा

ब्रश दिसला की आमचा मोती थेट सोफ्याखाली, आणि तोंडाचा वास असा की जवळ घ्यायची सोय नाही. मग ब्रश सोडून बोटाला सुती कापड गुंडाळून बघितलं, आणि जमलं की!

१. जुन्या सुती बनियनचा तुकडा किंवा मेडिकलमधला गॉज बोटाला गुंडाळा, पाण्यात भिजवून पिळून घ्या.

२. पहिले तीन-चार दिवस दात घासायचेच नाहीत, नुसतं ओठ उचलून बोट फिरवायचं आणि लगेच खाऊ द्यायचा, इथे घाई केली की सगळं मुसळ केरात.

३. मग कुत्र्यांची टूथपेस्ट (चिकन फ्लेवरची असते, मोती तर चाटायलाच येतो) वाटाण्याएवढी लावून दातांची फक्त बाहेरची बाजू हिरडीच्या कडेने गोल गोल घासा. तोंड उघडायची झटापट नको, आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ करते. घाण जास्त साठते ती वरच्या मागच्या दाढांवर, तिथे जरा जास्त वेळ द्या.

रात्री फिरून आल्यावर दमलेला असतो तेव्हा करा, दोन मिनिटांत होतं. रोज जमलं तर उत्तमच, नाहीतर एक दिवसाआड तरी.

फक्त आपली कोलगेट वगैरे लावू नका, कुत्रं थुंकत नाही, सगळं गिळतं, आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) त्यांना विषारी असतं. पिवळा कडक थर आधीच बसला असेल तर तो घासून निघत नाही, त्याला डॉक्टरच लागतो, नखाने खरवडत बसू नका.