अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हायचंय? पुण्यात कॉलेजात असतानाच करायची तयारी

जिममधला ट्रेनर वेगळा आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनर वेगळा. दुखापत टाळणं, झालीच तर मैदानावर पहिला उपचार करणं आणि खेळाडूला पुन्हा खेळण्याजोगं करणं हे अ‍ॅथलेटिक ट्रेनरचं काम. ‘सर्टिफाइड’ ही मोहोर अमेरिकेतलं बोर्ड ऑफ सर्टिफिकेशन देतं. भारतातून त्या परीक्षेपर्यंत पोचायचं तर सीएएटीईची (हे अभ्यासक्रम तपासणारी तिथली संस्था) मान्यता असलेला मास्टर्स अभ्यासक्रम करावा लागतो. तो बहुधा दोन वर्षांचा असतो. महिन्याभराच्या ऑनलाइन कोर्सवर त्या परीक्षेला बसता येत नाही, तेव्हा त्यात पैसे घालू नका.

पुण्यातून सगळ्यात भक्कम वाट बीपीटीएचची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची. बारावीला पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र), मग नीट, मग प्रवेश. परदेशी जाणं जमलं नाही तरी इथे स्पोर्ट्स फिजिओ म्हणून उभं राहता येतं, म्हणून आमचा कल याच वाटेकडे आहे. क्रीडाविज्ञानाच्या पदवीवरही मास्टर्सला अर्ज करता येतो, पण तेवढ्यावर इथे फिजिओ म्हणून काम करता येत नाही.

मास्टर्ससाठी जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र हे विषय बारावीनंतरच्या पातळीवर झालेले लागतात. फिजिओच्या मुलांचं घोडं पेंड खातं ते भौतिक आणि रसायनशास्त्रापाशी. हे विषय इतर पेपरांत विखुरलेले असतात, गुणपत्रिकेवर त्यांचं नाव दिसत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षीच चार-पाच विद्यापीठांच्या अटी वाचा आणि अभ्यासक्रमाची शिक्क्यासह प्रत कॉलेजातून घेऊन ठेवा. पदवीनंतर ती मिळवायला फार खेटे पडतात.

आता हाताचं काम. हे पुस्तकातून येत नाही. सुरुवात घोट्याच्या टेपिंगपासून करा, कारण कबड्डी असो, खो-खो असो की फुटबॉल, मुरगळतो तो घोटाच. 38 मिमीची झिंक ऑक्साइड टेप घ्या. खेळाडूचा पाय टेबलाच्या काठाबाहेर आणि पाऊल 90 अंशांत हवं. पाऊल खाली झुकलेलं असताना बांधलं तर घोटा त्याच कमजोर स्थितीत धरला जातो. टाचेमागे आणि पुढच्या घडीवर व्हॅसलीन लावलेले पातळ पॅड ठेवा, त्यावर अंडररॅप, म्हणजे टेपखालची पातळ फोमची पट्टी, गुंडाळा. वरचा अँकर, म्हणजे बाकीच्या पट्ट्या जिला चिकटतात ती आडवी पट्टी, पोटरीच्या फुगीर भागाखाली बसवा. स्नायूवर आला तर धावताना पोटरीत गोळा येतो. मग तीन स्टिरप, म्हणजे टाचेखालून जाणाऱ्या रिकिबीसारख्या पट्ट्या. प्रत्येक आतल्या बाजूने सुरू करून टाचेखालून बाहेर ताणत वर न्या, कारण पाऊल बहुतेक वेळा आतल्या बाजूला वळून मुरगळतं. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी चढवा. नंतर दोन्ही बाजूंनी हील लॉक (टाच जखडणारे वेढे), शेवटी फिगर ऑफ एट (घोटा आणि पावलाभोवती इंग्रजी आठच्या आकाराचा वेढा). सुरकुती राहिली की तिथे फोड येणारच. करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर जे हाड वर आलेलं लागतं, तिथे पट्टी आवळू नका. उभं राहिल्यावर पाऊल पसरतं आणि ती पट्टी रुतते. शेवटी पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर सगळं सोडून पुन्हा बांधा. डोळे मिटून टेप फाडता येईपर्यंत मित्रांच्या पायांवर सराव करा.

मुरगळलेला घोटा एक्स-रेला कधी पाठवायचा हेही हातानेच कळतं. त्या घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही हाडांची मागची कड खालून 6 सेंमीपर्यंत दाबून पाहा, मग वर सांगितलेलं करंगळीकडचं हाड आणि पावलाच्या आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर हाड. यांपैकी कुठेही हाडावर दुखलं, किंवा खेळाडूला चार पावलं टाकता आली नाहीत, तर पाठवा. सूज किती आली यावर निर्णय घेऊ नका.

बीएलएस, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला जगवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण, पहिल्याच वर्षी करा: छाती 5 ते 6 सेंमी दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा. प्रमाणपत्र दोन वर्षांनी संपतं, तारीख लिहून ठेवा.

एप्रिल-मेमध्ये दुपारच्या स्पर्धा असतील तर बर्फ आणि मोठा टब मैदानावर हवाच. उष्माघात झालेला खेळाडू बरळतो, अडखळतो. त्याला आधी गळ्यापर्यंत थंड पाण्यात बसवायचं, डोकं पाण्याबाहेर धरून ठेवायचं आणि त्याच वेळी अँब्युलन्स बोलवायची. गाडीची वाट पाहत सावलीत झोपवण्यात जीव वाचवणारी मिनिटं जातात.

अनुभवासाठी बालेवाडीच्या क्रीडासंकुलातल्या स्पर्धा, शहरातले कबड्डी संघ आणि कॉलेजचा स्वतःचा जिमखाना आहे. एकेका दिवसासाठी दहा ठिकाणी हजेरी लावण्यापेक्षा एकाच संघाबरोबर पूर्ण हंगाम राहा; दुखापत झालेला खेळाडू परत मैदानात उतरेपर्यंतचा प्रवास तेव्हाच दिसतो. सुरुवातीला पाण्याच्या बाटल्या भराव्या लागतील, त्या भरा. संघाच्या फिजिओच्या देखरेखीबाहेर कुणावर उपचार करू नका, आणि वहीत रोज तारीख, तास, काय पाहिलं, काय केलं हे लिहून त्यांची सही घ्या. अर्जासोबतचं शिफारसपत्र त्यांच्याकडूनच मागायचं असतं.