राउटरचे पोर्ट संपले? स्विच जोडा

टीव्ही, पीसी, प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर यांत राउटरचे चार पोर्ट सहज संपतात. स्विच म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा छोटा डबा. साधा अनमॅनेज्ड गिगाबिट (१००० एमबीपीएस वेगाचा) स्विच घ्या. त्यात सेटिंग काहीच नसतं. ८ पोर्टचाच घ्या, कारण एक पोर्ट राउटरकडे जातो आणि ७ उरतात.

राउटरच्या लॅन पोर्टमधून, म्हणजे घरातली उपकरणं जोडतो त्यातून (वॅनमधून, म्हणजे इंटरनेटची लाइन येते त्यातून नव्हे!) स्विचला केबल द्या. केबल कॅट ६, शुद्ध तांब्याची, १०० मीटरच्या आत. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल क्रिम्प करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, तुटते.

वेग १०० एमबीपीएसवरच अडकला, तर बहुतेकदा आठपैकी एखादी तार सुटलेली असते. गिगाबिटला या आठ तारांच्या चारही जोड्या लागतात. कनेक्टर कापून पुन्हा क्रिम्प करा. सगळंच नेटवर्क बंद पडलं, तर एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेली नाहीत ना, ते आधी बघा.