जर्मनीत वेब प्रोग्रामर म्हणून रुजू होताना

पुण्याहून किंवा नाशिकहून थेट बर्लिन-म्युनिकच्या टीममध्ये येणाऱ्या वेब डेव्हलपरला कोडिंग सहसा अडत नाही. रिॲक्ट तेच, पीएचपी तेच, डेटाबेसही तेच. रोजच्या कामाची पद्धत मात्र वेगळी असते, आणि ‘प्रोबेत्साइट’मध्ये, म्हणजे बहुतेक करारांत असणाऱ्या ६ महिन्यांच्या परीक्षाकाळात, तीच पारखली जाते. या काळात दोन्ही बाजूंना साधारण २ आठवड्यांच्या नोटिशीवर करार संपवता येतो. त्यामुळे सवयी बदलायला पहिल्याच महिन्यात लागा.

सुरुवात पुल रिक्वेस्टपासून, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याआधी सहकाऱ्यांकडे तपासायला पाठवण्यापासून, करा. आठवडाभर एकट्याने काम करून दीड हजार ओळींचा बदल एकदम पाठवू नका. एवढा बदल कुणाच्याच नीट वाचून होत नाही. तपासणारा एक तर वरवर बघून मान्यता देतो, नाही तर दोन-तीन दिवस बाजूला ठेवतो. २०० ओळींच्या आसपास थांबावं. काम मोठं असेल तर असं तोडा: आधी नुसती नावं बदलणं आणि फायली हलवणं, मग डेटाबेसमधला नवा कॉलम, मग त्यात लिहिणारा कोड, आणि शेवटी पडद्यावर दिसणारा भाग. प्रत्येक टप्पा एकटा लाइव्ह गेला तरी काही मोडता कामा नये. कमिट करताना, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये बदल पक्का करताना, ‘गिट ॲड’ला पॅचचा पर्याय लावा. गिट प्रत्येक तुकडा दाखवून ‘घेऊ का?’ विचारतं, आणि काढायचे विसरलेले कन्सोल लॉग, म्हणजे तपासण्यापुरत्या घातलेल्या ओळी, तिथेच सापडतात.

पुल रिक्वेस्टच्या वर्णनात चार गोष्टी हव्यात: आधी काय होत होतं, आता काय होतं, हाच मार्ग का निवडला, आणि तपासायचं कसं. ‘इन्व्हॉइसचा बग दुरुस्त’ एवढ्याने भागत नाही. ‘सवलत १०० टक्के असली की इन्व्हॉइसवर करापोटी उणे रक्कम येत होती, आता शून्य येते, चाचणी खात्यात मोफत कूपन लावून बघा’ असं लिहिलं की समोरच्याला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. वर्षभराने तीच ओळ का बदलली हे शोधणाऱ्यालाही हेच वर्णन उपयोगी पडतं.

रिव्ह्यूत, म्हणजे सहकाऱ्याने केलेल्या तपासणीत, ‘हे चूक आहे’ एवढंच लिहून येईल. ना नमस्कार, ना गोड शब्द. तो राग नसतो, इथली बोलायची तऱ्हाच तशी आहे. उत्तरही तसंच सरळ द्या: पटलं तर बदला, पटलं नाही तर कारण लिहा. सीनियरशी असहमत होणं उद्धटपणा मानत नाहीत. उलट ‘हो, होईल’ म्हणून गप्प बसलात तर ते वचन धरलं जातं. शुक्रवारपर्यंत काम होणार नाही असं बुधवारी दिसलं, तर बुधवारीच सांगा. अर्धा तास अडकलात की टीमच्या चॅनेलवर विचारा, पण काय करून पाहिलं आणि नेमकी एरर काय आली ते सोबत द्या.

कीबोर्ड मागतानाच अमेरिकी लेआउटचा मागा. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा उलट्या असतात. विंडोज किंवा लिनक्सवर महिरपी कंस ऑल्ट-जीआरसोबत ७ आणि ० वर, तर चौकोनी कंस ८ आणि ९ वर मिळतात. बॅकटिक दाबून स्पेस दिल्याशिवाय उमटत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर पेअरिंग, म्हणजे दोघांनी मिळून कोडिंग, करावं लागतंच, तेवढ्यापुरतं हे लक्षात ठेवा.

आता खऱ्या खाचाखोचा. इथे रक्कम १.२३४,५६ युरो अशी लिहितात: हजाराला पूर्णविराम, दशांशाला स्वल्पविराम. हे हाताने जोडू नका, आकडे त्या-त्या देशाच्या पद्धतीने मांडणारं ब्राउझरचं इंटल नंबर फॉरमॅट जर्मन लोकेल (भाषा-देशाची खूण) देऊन वापरा. ते आकडा आणि युरोचं चिन्ह यांमध्ये साधी स्पेस न घालता न तुटणारी स्पेस घालतं. टेस्टमध्ये साधी स्पेस लिहिली की दोन्ही ओळी डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसतात, तरी टेस्ट नापास होते, आणि नवा माणूस दुपारभर चूक शोधत बसतो. उलट दिशेला, फॉर्ममध्ये आलेलं ‘१२,५०’ मजकुरातून आकडा काढणाऱ्या जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटला थेट दिलं तर हाती १२ येतात आणि ५० सेंट गुपचूप गळतात.

अक्षरांचंही तसंच. ‘ü’ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून येऊ शकतं, किंवा ‘u’ आणि वरचे दोन ठिपके अशा जोडीने. शोधताना दोन्ही जुळत नाहीत, म्हणून साठवण्याआधी एनएफसी, म्हणजे जोडीचं एकच अक्षर करणाऱ्या, रूपात आणा. जावास्क्रिप्टचा साधा सॉर्ट ‘Ä’ला ‘Z’च्याही नंतर टाकतो, तेव्हा नावांच्या यादीला भाषेनुसार क्रम लावणारा इंटल कोलेटर लावा.

मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री २ वाजता घड्याळ एकदम ३ वर जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ३ वरून २ वर परत येतं. अडीच वाजता ठरलेलं काम त्या रात्री चुकू शकतं किंवा दोनदा होऊ शकतं. झालेल्या घटनांच्या वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असणाऱ्या प्रमाणवेळेत, साठवा, दाखवताना ‘युरोप/बर्लिन’ हे नाव वापरा. अधिक एक तास असा ठोकळ आकडा कधीच नको. पुण्याशी अंतर उन्हाळ्यात साडेतीन तास असतं आणि हिवाळ्यात साडेचार, तेव्हा तिकडच्या मीटिंगची वेळही वर्षातून दोनदा तपासा.

कायदा इथे प्रोग्रामरच्या टेबलापर्यंत पोचतो. जानेवारी २०२२मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणणाऱ्या एका साइटच्या चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता संमतीशिवाय गूगलकडे गेला होता. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवा. नकाशे, व्हिडिओ, ॲनालिटिक्स यांनाही संमतीआधी हलू देऊ नका. तपासायला नवी प्रायव्हेट विंडो उघडा, कुकीच्या पट्टीला हात लावू नका आणि नेटवर्क टॅबमध्ये बाहेरचं कुठलं डोमेन दिसतं ते पाहा. दुकानाच्या शेवटच्या बटणावर ‘त्साहलुंग्सफ्लिश्टिग बेश्टेलन’ म्हणजे ‘पैसे देण्याच्या बंधनासह मागणी नोंदवा’, किंवा तितकाच स्पष्ट मजकूर हवा. नुसतं ‘पुढे’ लिहिलं तर ग्राहक कराराने बांधलाच जात नाही, म्हणून भाषांतराच्या फाइलमधली ती ओळ परस्पर बदलू नका.

२८ जून २०२५पासून ग्राहकांसाठीच्या ऑनलाइन दुकानांना सुगम्यतेचा कायदाही लागू आहे. सेवा देणाऱ्या अगदी छोट्या व्यवसायांना तेवढी सूट आहे. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, एंटर आणि स्पेस वापरून खरेदी पूर्ण करून पाहा. बहुतेकदा गाडी अडते ती क्लिक लावलेल्या डिव्हवर, म्हणजे पानावरच्या साध्या चौकटीवर, कारण तिथे कीबोर्ड पोचतच नाही. खरं बटण वापरलं की हे काम ब्राउझर स्वतः करतो. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधाराचा फरक) किमान ४.५ला १ ठेवा.

रात्री जागून रिलीज करायची सवय मात्र सोडावी लागेल. दोन कामांच्या दिवसांमध्ये ११ तासांची विश्रांती कायद्याने ठरलेली आहे, त्यामुळे रात्री ११ला काम संपलं तर सकाळी १०च्या आधी सुरू करायचं नाही. शुक्रवारी दुपारनंतर लाइव्ह काही पाठवू नका: बिघडलं तर मदतीला कुणी नसतं, आणि शनिवारी फोन करणं इथे कुणालाच रुचत नाही.