ईव्हीच्या चाकांवरची कव्हरं काढताय? रेंज खाणाऱ्या या चुका टाळा

नवीन इलेक्ट्रिक गाडी घरी आली की पहिल्या महिन्यातच कुणीतरी म्हणतं, "ती प्लॅस्टिकची कव्हरं काढून टाक, आतले अलॉय छान आहेत." कव्हरं निघतात आणि माळ्यावर जातात. काही दिवसांनी रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर, कमी मिळते म्हणून तक्रार सुरू होते. दुसऱ्या टोकाला, बाजारातून झाकणं आणून लावणारे आणि त्यातून पन्नास किलोमीटर वाढायची वाट बघणारेही आहेत. दोघांचाही हिशेब कुठेतरी चुकतो.

चाकाला शोभेची वस्तू समजणं

फिरतं चाक पंख्यासारखं हवा घुसळतं. अलॉयच्या दांड्यांमधून हवा आतबाहेर होते, भोवरे तयार होतात आणि गाडी मागे ओढली जाते. गाडीला हवेचा जो एकूण विरोध होतो, त्यातला साधारण पाव हिस्सा चाकं आणि त्यांच्या कमानींचा असतो. चाकाचं तोंड सपाट आणि बरंचसं बंद ठेवलं की हे घुसळणं कमी होतं. टेस्लाने २०१७मध्ये मॉडेल ३ला १८ इंची चाकांवर अशी कव्हरं दिली, ती याचसाठी. आपल्याकडे नेक्सॉन ईव्ही आणि कर्व्ह ईव्हीच्या अलॉयमध्ये बसवलेले प्लॅस्टिकचे तुकडेही त्याच कामाचे आहेत.

शहरात फरक शोधणं

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ४०ऐवजी ८०ने गेलात तर दर किलोमीटरला हवेसाठी चौपट ऊर्जा जाते. मध्यम आकाराच्या गाडीचा ढोबळ हिशेब मांडला, तर ताशी ४०ला हवेवर किलोमीटरमागे १५ वॉट-तासांच्या आसपास खर्च होतो आणि १००ला तोच ९०च्या घरात जातो. कव्हरांनी एकूण विरोध तीन टक्के कमी केला असं धरलं, तर सिंहगड रोडच्या गर्दीत हाती काहीच लागत नाही. समृद्धी महामार्गावर, जिथे मर्यादा १२० आहे, तिथे मात्र बचत जाणवण्याइतकी होते. रोजचा प्रवास शहरातलाच असेल तर कव्हरांची चिंता खुशाल सोडा.

एका फेरीवरून निकाल लावणं

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कव्हर लावून मुंबईहून पुण्याला आलात, काढून पुण्याहून मुंबईला गेलात आणि "कव्हर नसतानाच रेंज जास्त मिळाली" असं ठरवलंत, तर तो सगळा खेळ घाटाचा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. १७०० किलोची गाडी तेवढी वर चढवायला सुमारे अडीच युनिट वीज लागते. उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो. कव्हरांची बचत सगळ्या प्रवासात मिळून अर्ध्या युनिटच्याही आत राहते, ती या आकड्याखाली दिसणार कशी?

खरंच मोजायचं असेल तर शक्यतो सपाट रस्ता घ्या. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, जाऊन-येऊन, वेग ठरवून. एसी तेवढाच, माणसं तेवढीच, टायरची हवा तेवढीच. बॅटरीची टक्केवारी बघू नका, किलोमीटरमागे किती वॉट-तास गेले ते बघा. वारा पडलेली पहाटेची वेळ उत्तम.

मोठी चाकं बसवणं

कव्हरांवर वाद घालणारी मंडळी १६ इंचावरून १७-१८ इंचावर जाताना फारसा विचार करत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. खरी रेंज तिथेच जाते. ह्युंदाईच्या आयोनिक ६च्या २०२३च्या मॉडेलचे अमेरिकेतले अधिकृत आकडे बघा: मागच्या चाकांना ताकद देणारी, मोठ्या बॅटरीची गाडी १८ इंची चाकांवर ३६१ मैल, म्हणजे ५८१ किलोमीटर जाते. तीच २० इंचीवर ३०५ मैल, ४९१ किलोमीटर. बॅटरी तीच, मोटर तीच, तरी ९० किलोमीटर गेले. हा फरक एकट्या हवेचा नाही. टायर २२५ऐवजी २४५ मिलिमीटर रुंद झाला, त्याचा रबर आणि रस्त्याशी होणारं घर्षणही बदललं.

यात आणखी एक फसगत आहे. २१५/६० आर१६ टायरच्या जागी २१५/६० आर१७ (शेवटचा आकडा रिमच्या इंचांचा) घातला तर चाकाचा व्यास जवळपास चार टक्के वाढतो. मग १०० किलोमीटर धावूनही मीटर ९६च दाखवतो आणि स्पीडोमीटरही खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवायला लागतो.

मिळेल तो टायर टाकणं

ईव्हीचे मूळ टायर कमी घर्षणाचे असतात. झिजल्यावर दुकानदार "याच साइजचा आहे, घ्या" म्हणतो आणि रेंज गुपचूप घटते. साइजसोबत लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, बघा, कारण बॅटरीमुळे गाडी जड असते. टायरवर बीईई या सरकारी ऊर्जाबचत संस्थेचं स्टार लेबल असेल तर तेही बघा. आणि हवा! गाडी थंड असताना, दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेल्या दाबानुसार, पंधरवड्यातून एकदा तरी तपासा.

बाजारू झाकणं

कुठल्याही गाडीला बसतील अशी पूर्ण बंद झाकणं टाळा. क्लिप सैल झाली की खडखडाट सुरू होतो आणि हायवेवर निखळलेलं झाकण मागच्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेतू शकतं. ब्रेकचाही प्रश्न आहे. एरवी ईव्हीचे ब्रेक रीजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत टाकते त्यामुळे, कमीच वापरले जातात. पण पाचगणीत शंभर टक्के चार्ज करून पसरणी घाट उतरायला लागलात, तर भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि त्यांना थंड व्हायला हवा लागते. कंपनीच्या कव्हरांना त्यासाठीच फटी ठेवलेल्या असतात. घाटमाथ्यावर ८०-८५ टक्क्यांना चार्जिंग थांबवा.

कव्हर लावल्यावर थरथर जाणवली तर

पावसाळ्यात आधी चिखल बघा. कव्हराच्या आत एका बाजूला साचून वाळला की चाकाचं बॅलन्सिंग बिघडतं. पंक्चर काढून आणलं असेल तर सगळ्या क्लिप जागेवर आहेत का, व्हॉल्व्ह त्याच्या खाचेत आला आहे का ते बघा. कव्हरांवर डावं-उजवं लिहिलेलं असेल तर अदलाबदल झालेली नाही ना, हेही तपासा. एवढं करूनही थरथर थांबली नाही तर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या.

आणि गावाहून परत आल्यावर टपावरचा कॅरिअर उतरवा. चारही कव्हरं मिळून जे वाचवतात, त्यापेक्षा जास्त तो रिकामा कॅरिअर खातो.