पेटंटचा अर्ज नाशकात कुठे अडकतो: या चुका टाळा

माझ्या पाहण्यात नाशिकच्या पेटंट अर्जांचा सगळ्यात मोठा शत्रू व्हॉट्सॲप आहे. सातपूर-अंबडच्या गाळ्यात काही नवं जमलं की पहिली ट्रायल निफाड नाहीतर दिंडोरीच्या बागेत होते, आणि त्याच संध्याकाळी व्हिडिओ बागायतदारांच्या चार ग्रुपांवर फिरायला लागतो. ऑर्डरी येतात, कृषी प्रदर्शनात स्टॉल लागतो, हंगाम संपतो, आणि मग कोणीतरी म्हणतं, "अहो, पेटंट करून टाका की!" तोवर उशीर झालेला असतो. अर्जाच्या तारखेआधी छापून, दाखवून किंवा विकून उघड झालेली गोष्ट कायद्याच्या लेखी नवी राहत नाही. ती उघड करणारे तुम्ही स्वतः असलात तरी.

"पण प्रदर्शनात दाखवलं तर वर्षाची सूट असते ना?" असते, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. मंडप घातलेलं प्रत्येक प्रदर्शन त्यात येत नाही, म्हणून स्टॉलचे पैसे भरण्याआधी आयोजकांना हे विचारा. विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधालाही बारा महिने मिळतात. आरोग्य विद्यापीठ नाशकातच असल्याने इथे परिषदांना तोटा नाही, आणि डॉक्टर मंडळी नवं उपकरण तिथे स्लाइडवर टाकून मोकळी होतात. ही सूट हवी असेल तर २०२४ च्या नियमांनुसार फॉर्म ३१ भरावा लागतो. स्लाइड टाकण्याआधी अर्ज टाकला तर यातलं काहीच लागत नाही.

यंत्रवाल्यांच्या खऱ्या कामाचं आहे ते पेटंट कायद्याचं कलम ३२. यंत्र असं असेल की त्याची चाचणी उघड्यावर घेण्यावाचून गत्यंतरच नाही, तर केवळ चाचणीसाठी केलेला वापर वर्षभर आड येत नाही. यातला "केवळ" महत्त्वाचा. बागायतदाराकडून भाडं घेतलंत, ॲडव्हान्स घेतलात, तर ती चाचणी उरत नाही. त्यामुळे ट्रायलला येणाऱ्या प्रत्येकाकडून गोपनीयतेच्या कागदावर सही घ्या. साधं एक पान पुरतं. शेजारच्या बांधावरचे बघे मात्र त्या कागदात येत नाहीत, तेवढी खबरदारी आपली आपण घ्यायची.

व्हिडिओ आधीच गेला असेल तर काय? डिलीट करून तारीख मागे जात नाही. शांतपणे बसून तो व्हिडिओ पाहा आणि त्यातून जाणत्या माणसाला नेमकं काय कळतं ते लिहून काढा. बाहेरचा पत्रा दिसतो आणि आतली यंत्रणा दिसत नाही, असं असेल आणि यंत्र अजून विकलेलं नसेल, तर आतल्या यंत्रणेवर अर्ज होऊ शकतो. व्हिडिओनंतर केलेली सुधारणाही वेगळी धरता येते, पण ती त्या व्हिडिओपुढेही नवी आणि सहज न सुचणारी असायला हवी. अमेरिकेत शोधकर्त्याने स्वतः उघड केलेल्या गोष्टीला बारा महिन्यांची मुभा आहे. माल तिकडे जाणार असेल तर तो मार्ग तपासून पाहावा.

तात्पुरता अर्ज म्हणजे टोकन नव्हे

वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप, उद्यम नोंदणी असलेला छोटा उद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपन्यांना ८,०००. इतक्या स्वस्तात तारीख मिळते म्हटल्यावर लोक दोन परिच्छेद लिहून प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज, टाकतात आणि वर्षभर निवांत होतात. बारा महिन्यांत पूर्ण विवरण द्यायचं असतं हे बहुतेकांना माहीत असतं. पहिल्या कागदात जे लिहिलं तेवढ्यालाच ती पहिली तारीख मिळते, हे मात्र माहीत नसतं. "द्राक्षघड बुडवण्याचं सुधारित साधन" एवढंच लिहिलं असेल, तर मधल्या काळात दुसऱ्याने मांडलेली झडप तुम्ही नंतर आपल्या पहिल्या तारखेत घुसवू शकत नाही. हाताने काढलेली का होईना, आकृती जोडा. जमतील तितके पर्याय लिहा.

सगळी मदार क्लेमवर

अर्जात पानंच्या पानं वर्णन असतं, पण हक्क मिळतो तो शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या क्लेमना, म्हणजे दाव्याच्या वाक्यांना. वर्णनात आहे आणि क्लेममध्ये नाही, ती गोष्ट तुम्ही जगाला फुकट शिकवली असं समजा.

एक उदाहरण रचून पाहू. द्राक्षाच्या जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) डिपिंगला मजूर मगात द्रावण घेऊन एकेक घड बुडवतात. समजा, तुम्ही नळीला जोडलेला असा कप केलात की घड आत आला की द्रावण भरतं आणि उरलेलं गाळून टाकीत परत जातं. आता पहिलाच क्लेम "१०० मिमी व्यासाचा, पीव्हीसीचा, अर्ध्या एचपीच्या पंपावर चालणारा कप" असा लिहिला, तर समोरचा ११० मिमीचा स्टीलचा कप करून उद्या पिंपळगावच्या बाजारात उभा राहील. उलट "घडावर द्रावण देणारं कोणतंही साधन" असं लिहिलं तर परीक्षक जुना फवारणी पंप पुढे करून अर्ज फेटाळेल. पहिल्या क्लेममध्ये भांडं, भरण्याची वाट, परतीची वाट आणि या तिघांचा एकमेकांशी असलेला संबंध एवढंच यावं. गाळणी, झडप, माप, धातू हे खालच्या, पहिल्यावर टेकलेल्या क्लेममध्ये उतरवावं. वरचा पडला तर खालचा उभा राहतो. या एका पानावर खर्च करायला कंजुषी करू नका, बाकी कुठेही करा.

"नवं आहे" आणि "शोध आहे" यातही फरक आहे, आणि आपल्याकडचे अनेक चांगले जुगाड तिथे अडकतात. तांबट आळीतल्या कारागिराला लगेच कळेल असा एक खटला आहे: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. धातूची भांडी लेथवर पक्की धरण्याच्या पद्धतीचं पेटंट १९५१ चं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ते टिकू दिलं नाही. टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या) टोकाने दाब देऊन वस्तू धरणं त्या धंद्यात जुनंच होतं, आणि वर्कशॉपमध्ये हुशार कारागीर सहज करेल अशा सुधारणेच्या पलीकडे काहीतरी हवं, असं न्यायालयाचं म्हणणं. म्हणून अर्ज लिहिताना "आमचं मशीन जलद आहे" यावर थांबू नका. आधीच्या लोकांना हे का जमलं नव्हतं, अडचण कुठे होती, तुम्ही नेमकं काय उलटं केलंत, ते सांगा. आकड्यांसह सांगितलंत तर उत्तम.

आणि गंमत म्हणजे काही जण मुद्दाम मुख्य गोष्टच लपवतात. रसायनाचं प्रमाण देत नाहीत, "योग्य प्रमाणात" लिहितात. पेटंट हा उघड सांगण्याच्या बदल्यात मिळणारा वीस वर्षांचा हक्क आहे, आणि माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. ती लपवली तर मिळालेलं पेटंटही रद्द होऊ शकतं. गुपितच राखायचं असेल तर गुपितच राखा. मिसळीच्या मसाल्याला पेटंट कोणी घेत नाही ते उगाच नाही.

जे मिळणारच नाही त्यामागे धावणं

औषधांच्या बाबतीत ही चूक फार. आयुर्वेदिक बाटलीवर पेटंट-प्रोप्रायटरी असं छापलेलं असतं, तो औषध कायद्यातला परवान्याचा प्रकार. तो परवाना हातात आहे म्हणून कोणाला नक्कल करण्यापासून अडवता येत नाही. आजीच्या वहीतला काढा तर पारंपरिक ज्ञान म्हणून कलम ३(पी) मध्येच अडतो. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते आव्हानित केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. जे शस्त्र आपण तिकडे वापरलं तेच इथे आपल्या अर्जावर चालतं. चार ज्ञात वनस्पतींचं मिश्रणही नुसती बेरीज असेल तर चालत नाही. एकत्र केल्यावर परिणाम बेरजेहून जास्त झाला हे चाचणीच्या तक्त्यात दाखवावं लागतं. तो तक्ता नसेल तर अर्जाची घाई करू नका, आधी प्रयोगशाळा गाठा.

मोठ्या कंपन्यांनाही हा नियम सुटत नाही. ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाच्या नव्या स्फटिकरूपाला पेटंट नाकारताना सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कलम ३(डी) वर बोट ठेवलं होतं. ज्ञात पदार्थाचं नवं रूप आणलं, तर त्याची उपचारातली परिणामकारकता वाढलेली दिसली पाहिजे.

डॉक्टरांनी एवढं लक्षात ठेवावं: शस्त्रक्रियेची किंवा उपचाराची पद्धत पेटंटयोग्य नाही, पण ती करताना वापरलेलं नवं हत्यार असू शकतं. अर्ज पद्धतीचा टाकला म्हणून गेलेली चांगली उपकरणं आहेत. "आपल्याला यातून पैसे कमवायचे नाहीत" म्हणून अर्जच न करणारेही भेटतात. इन्सुलिनचं पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ मध्ये टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिलं. व्हॉल्वोने निल्स बोहलिनचा १९५९ चा तीन टोकांचा सीटबेल्ट पेटंट घेऊनही इतर कंपन्यांना वापरू दिला. हक्क हातात असला की तो मोकळा सोडण्याचा निर्णयही तुमचाच असतो.

शेतकऱ्यांसाठी थोडक्यात. लागवडीची, छाटणीची पद्धत पेटंटला चालत नाही. बागेत वेगळी फांदी सापडली, तिचे मणी लांबट किंवा टपोरे निघाले, तर वाण पेटंट कार्यालयाकडे न्यायचा नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याखाली त्याची नोंदणी होते, द्राक्षासारख्या वेलींना १८ वर्षांपर्यंत. पण रोपं वाटत सुटण्याआधी तिथले नियमही वाचा. नुसता आकार-रूप नवं असेल, उदाहरणार्थ डब्याचं झाकण किंवा बाटलीचा घाट, तर डिझाइन नोंदणी पुरते. दहा आणि वाढवून पाच, अशी पंधरा वर्षं.

शोधाशोध शॉपिंग साइटवर नको

"ऑनलाइन पाहिलं, असं कुठेच मिळत नाही" हा पुरावा होत नाही. असंख्य पेटंटं कधी बाजारात आलीच नाहीत, तरी त्यांचा कागद तुम्हाला अडवतो. भारतीय पेटंट कार्यालयाचा इनपास, युरोपचा एस्पासनेट आणि गुगल पेटंट्स हे तिन्ही पेटंटसंग्रह शोधायला फुकट आहेत. शोधताना वस्तूच्या नावावर विसंबू नका, वर्गीकरणाचा क्रमांक पकडा. स्वयंपाकघरातल्या उपकरणांचा वर्ग ए४७जे, आणि कांद्याची पात छाटण्या-सोलण्याच्या यंत्रांना तर स्वतंत्र जागा आहे, ए२३एन १५/०८. लासलगावच्या आसपास कांदा यंत्रावर काम करणाऱ्याने आधी एक रविवार त्या खणात घालवावा. तिथली जुनी, मुदत संपलेली पेटंटं वापरायलाही मोकळी असतात. जे पेटंट फक्त अमेरिकेत आहे आणि भारतात घेतलेलंच नाही, ते इथे बनवून इथे विकायलाही आडकाठी नाही.

याची उलट बाजू लोक विसरतात. तुमच्या सुधारणेला पेटंट मिळालं म्हणून मूळ यंत्र बनवण्याची परवानगी मिळत नाही. मूळ यंत्रावर दुसऱ्याचं चालू पेटंट असेल तर त्याच्याशी बोलावंच लागेल.

नावं, स्टिकर आणि तारखा

शोधकर्ता म्हणून शेठचं किंवा विभागप्रमुखांचं नाव घालणं आणि ज्या फिटरने, ज्या विद्यार्थिनीने खरं डोकं चालवलं तिला वगळणं, ही चूक कॉलेज आणि कारखाना दोन्हीकडे होते. मालकी कंपनीच्या नावे असू शकते, त्यासाठी हस्तांतराचा कागद करतात. शोधकर्ता मात्र खराच हवा. खोटं नाव पुढे भांडणात पेटंटच्याच मुळावर येतं.

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, लवकर हवा असेल तर फॉर्म ९ देऊन. प्रसिद्धी ही फक्त प्रसिद्धी आहे, परीक्षा तिथून पुढे. तरी कॉलेजच्या फ्लेक्सवर "पेटंट मिळाले" झळकतं. त्याहून मजेशीर म्हणजे ब्रिटनमधली डिझाइन नोंदणी आणून पेटंट म्हणून मिरवणं. तिथे नोंदणीपूर्वी नावीन्य तपासलंच जात नाही. उत्पादनावर "पेटंट प्रलंबित" लिहायला हरकत नाही. मंजुरीआधी "पेटंटेड" लिहिलं तर कलम १२० खाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

परीक्षणाची विनंती, फॉर्म १८, आपोआप होत नाही. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्याची मुदत ३१ महिने आहे, पूर्वी ४८ होती. जुन्या सल्ल्यावर विसंबलेले इथे फसतात. मुदत चुकली की अर्ज मागे घेतला असं धरतात. परीक्षण अहवालाला उत्तर सहा महिन्यांत, आणि ई-मेल बदलला असेल तर तो अहवाल आलेलाच कळत नाही. म्हणून गाळ्याचा पत्ता, मेल, मोबाइल बदलला की मुंबईच्या कार्यालयात नोंद बदला. मंजुरीनंतर तिसऱ्या वर्षापासूनची नूतनीकरण फी असते, छोट्यांना सुरुवातीला वर्षाला ८०० रुपये. ती न भरल्याने पेटंट गेलं तर १८ महिन्यांत पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो. कारण पटवावं लागतं आणि दिरंगाई तुमच्या मनातली नव्हती हे दाखवावं लागतं.

परदेशी ग्राहक मागे लागला म्हणून थेट तिकडेच अर्ज टाकू नका. भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर कलम ३९ ची लेखी परवानगी घ्यायची. हे न केल्यास इथला अर्ज सोडून दिला असं धरतात आणि शिक्षेचीही तरतूद आहे. परदेशात जायला पहिल्या तारखेपासून बारा महिने असतात. पीसीटीतून, म्हणजे अनेक देशांसाठीच्या एका आंतरराष्ट्रीय अर्जातून, गेलात तर देश निवडायला बहुतेक ठिकाणी ३० महिने मिळतात, तेवढ्यात माल खरंच कुठे खपतो ते कळलेलं असतं.