परदेशातील युद्धक्षेत्रात खासगी सुरक्षेची नोकरी: सही करण्यापूर्वी काय तपासावे

युद्ध चालू असलेल्या देशात खासगी कंपनीची नोकरी म्हटले की बंदूक घेतलेला माणूसच डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याबरोबर जे कंत्राटी कर्मचारी होते, त्यांत स्वयंपाकी, वाहनचालक, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, दुभाषे आणि सफाई कामगार यांचा भरणा मोठा होता. शस्त्रधारी पहारेकरी हा त्यातला लहान हिस्सा. हे मार्गदर्शन मुख्यतः त्या लहान हिश्श्यासाठी आहे, कारण कायद्याची रेषा तेथेच सर्वांत पुसट होते. मात्र करार, विमा आणि प्रवास यांविषयी जे पुढे लिहिले आहे, ते ट्रक चालवायला जाणाऱ्यालाही तितकेच लागू पडते. या क्षेत्रात उतरू पाहणारे बहुतेक उमेदवार, त्यातही माजी सैनिक, आपली शारीरिक तयारी आणि नेमबाजी यांवर महिनोन्‌महिने मेहनत घेतात आणि करारपत्र मात्र विमानतळावर वाचतात. हा क्रम उलटा करावा. काही बिघडले तर माझ्यासाठी कोण जबाबदार राहील आणि ते नेमक्या कोणत्या कागदावर लिहिले आहे, या प्रश्नाचे उत्तर हाती येईपर्यंत तिकीट स्वीकारू नये.

प्रथम कायद्यातील आपले स्थान समजून घ्यावे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पुरवणी कराराच्या कलम ४७ मध्ये भाडोत्री सैनिकाची व्याख्या आहे. लढण्यासाठी खास भरती झालेला, लढाईत प्रत्यक्ष भाग घेणारा, मुख्यतः खासगी लाभासाठी आलेला व त्याच दर्जाच्या सैनिकापेक्षा बराच अधिक मोबदल्याचे आश्वासन लढणाऱ्या पक्षाकडून मिळालेला, लढणाऱ्या कोणत्याही पक्षाचा नागरिक किंवा रहिवासी नसलेला, त्यांच्या सैन्यात नसलेला आणि दुसऱ्या कोणत्या राष्ट्राने आपला सैनिक म्हणून सरकारी कामावर न पाठवलेला, अशा सहाही अटी एकाच वेळी लागू पडल्या तरच माणूस भाडोत्री सैनिक ठरतो. ठरला, तर त्याला युद्धकैद्याचा दर्जा मागण्याचा हक्क राहत नाही. म्हणजे पकडणारा पक्ष त्याच्यावर सामान्य गुन्हेगारासारखा खटला चालवू शकतो. १९७६ मध्ये अंगोलाची राजधानी लुआंडा येथे १३ परदेशी भाडोत्री सैनिकांवर खटला चालला, त्यांतील चौघांना मृत्युदंड झाला आणि उरलेल्यांना दीर्घ कारावास. संयुक्त राष्ट्रांचा भाडोत्री सैनिकांविरुद्धचा करार १९८९ मध्ये संमत होऊन २००१ मध्ये अमलात आला. तो सर्व देशांनी स्वीकारलेला नसला तरी ज्यांनी स्वीकारला आहे, त्यांच्या भूमीवर तो लागू आहे.

व्याख्येतून सुटलो म्हणजे सुरक्षित झालो, असे मात्र समजू नये. खासगी पहारेकरी सहसा कायद्याच्या दृष्टीने नागरिक, म्हणजे सैनिक नसलेला माणूस, असतो आणि नागरिकाला असलेले संरक्षण तो लढाईत प्रत्यक्ष भाग घेईपर्यंतच टिकते. गोदामाला दरोडेखोरांपासून राखणे हे पोलिसी स्वरूपाचे काम आहे. पण त्याच गोदामात सैन्याचा दारूगोळा असेल आणि हल्ला शत्रुसैन्याकडून होणार असेल, तर आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या मते तो पहारा हा लढाईतील सहभाग ठरतो. माणूस तोच, फाटक तेच, रायफल तीच. आत काय ठेवले आहे आणि बाहेर कोण आहे, यावर सारे बदलते. म्हणून मुलाखतीत नेमके विचारावे: मी कशाचे रक्षण करणार आहे, ते सैनिकी लक्ष्य आहे का, आणि कोणाच्या हल्ल्याची अपेक्षा आहे? उत्तर टाळले गेले तर तेही एक उत्तर समजावे.

आपल्या स्वतःच्या देशाचा कायदाही पाहावा लागतो. दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये कायदा करून भाडोत्री सैनिकीवर बंदी घातली आणि परदेशी लष्करी साहाय्यासाठी परवानगी सक्तीची केली. स्वित्झर्लंडमध्ये २०१५ पासून अशा सेवा देणाऱ्या कंपन्यांना आधी सरकारला कळवावे लागते. ब्रिटनमधील परकीय सैन्यभरतीचा कायदा १८७० पासूनचा आहे. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असल्याने येथे एका तासाची वकिलाची फी वाचवण्यात शहाणपण नाही.

यानंतर कंपनीची तपासणी. स्वित्झर्लंड आणि रेडक्रॉस समिती यांच्या पुढाकाराने सप्टेंबर २००८ मध्ये माँट्रो दस्तऐवज तयार झाला. तो युद्धक्षेत्रातील खासगी सुरक्षा कंपन्यांबाबत राष्ट्रांच्या जबाबदाऱ्या सांगतो. कंपन्यांसाठीची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता २०१० मध्ये आली आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारी संघटना २०१३ मध्ये जिनिव्हात स्थापन झाली. या संघटनेच्या संकेतस्थळावर सदस्य कंपन्यांची यादी असते. ती उघडून कंपनीचे नाव अक्षरशः जुळते का, हे पाहावे, कारण सारख्या नावाच्या दोन कंपन्यांतील एक यादीत आणि दुसरी भलत्याच देशात नोंदलेली, असे होऊ शकते. आयएसओ १८७८८ हे खासगी सुरक्षा कंपन्यांच्या कारभाराचे मानक मिळाल्याचा दावा असेल तर प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि ते कोणत्या संस्थेने कधी दिले, हे वाचावे. यादीतील नाव ही हमी नव्हे. तरी तक्रार करायला एक दार आहे, एवढे त्यातून नक्की कळते. भरतीसाठी उमेदवाराकडून शुल्क मागणारा, पासपोर्ट ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ घेणारा किंवा पर्यटक व्हिसावर जा, बाकीचे तेथे पाहू असे सांगणारा दलाल भेटला, तर पुढची चौकशी करण्याचीही गरज नाही.

फसवणुकीचा साचा वर्षानुवर्षे तोच आहे: सांगायचे साधे काम आणि न्यायचे दुसरीकडे. मार्च २००४ मध्ये हरारेच्या विमानतळावर एका विमानासह सुमारे ७० जण पकडले गेले. कांगोतील खाणींच्या पहाऱ्यासाठी निघाल्याचा त्यांचा दावा होता, पण इक्वेटोरियल गिनीतील सत्तापालटाच्या कटासाठी ते निघाल्याचे पुढे उघड झाले. अलीकडच्या काळात कोलंबियातील माजी सैनिकांनी आखाती देशात सुरक्षेची नोकरी म्हणून सही केली आणि लिबियामार्गे ते सुदानच्या युद्धात पोहोचले. भारत, नेपाळ आणि श्रीलंकेतील तरुणांना रशियात मदतनिसाचे काम सांगून युक्रेनच्या आघाडीवर धाडले गेले. त्यांतील अनेकांनी आपल्याला न वाचता येणाऱ्या भाषेतील कागदावर सही केली होती. यातून एक नियम सहज निघतो. आपल्याला वाचता येईल अशा भाषेतील करार, तोही निघण्यापूर्वी काही दिवस हाती, आणि त्यात दोन्ही भाषांतील मजकुरात फरक आढळल्यास कोणता ग्राह्य धरायचा याचे कलम.

आता तो करार टेबलावर ठेवून वाचू. पगाराचा आकडा पहिल्या पानावर ठळक असतो, तेथे थांबू नये. कामाचे ठिकाण या रकान्यात देश आणि शहर लिहिलेले आहे की ‘कंपनी ठरवेल ते ठिकाण’ असे आहे? कामाच्या वर्णनाच्या शेवटी बहुधा एक निरुपद्रवी ओळ असते: ‘आणि वेळोवेळी सोपवण्यात येतील ती अन्य कामे’. कार्यालयातील नोकरीत ही ओळ चालून जाते, पण येथे तिच्या आधारावर पहारेकऱ्याला ताफ्यासोबत दुसऱ्या प्रांतात पाठवता येते. ती खोडून घ्यावी, किंवा ‘लेखी संमतीने’ हे शब्द तिच्यापुढे घालून घ्यावेत. मग मालक कोण ते पाहावे: जाहिरातीतील मोठी कंपनी, की तिच्या उपकंत्राटदाराचा उपकंत्राटदार? पगार कोणाच्या खात्यातून येणार आणि वाद झाल्यास कोणत्या देशाच्या न्यायालयात जायचे, हे त्यावरच ठरते. नोकरी सोडण्याचे कलमही तितक्याच बारकाईने वाचावे. मुदतीपूर्वी परतल्यास तिकिटाचा खर्च कोणाचा, दंड आहे का, आणि बेकायदा आदेश नाकारल्यामुळे काढून टाकले तर काय, हे तेथे नसेल तर विचारून लिहून घ्यावे.

विमा हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. साधारण जीवनविमा आणि प्रवासविमा यांत युद्धजन्य मृत्यू अनेकदा वगळलेला असतो, त्यामुळे युद्धजोखीम स्पष्ट शब्दांत समाविष्ट असलेली पॉलिसी हवी, आणि तिची प्रत घरी हवी. अमेरिकी सरकारच्या कंत्राटावर काम असेल तर १९४१ च्या डिफेन्स बेस कायद्याखाली कर्मचाऱ्याचा विमा उतरवणे मालकावर बंधनकारक आहे आणि तो कर्मचारी कोणत्याही देशाचा असला तरी लागू असतो. पण दुखापतीची सूचना ३० दिवसांत आणि दावा सर्वसाधारणपणे एका वर्षात करावा लागतो. हे घरच्यांना ठाऊक नसेल तर हक्क असूनही हाती काही येत नाही. जखमी झाल्यावर हवाई मार्गाने कोठे नेणार, कोणत्या रुग्णालयापर्यंतचा खर्च समाविष्ट आहे, आणि करार संपल्यानंतर उपचार चालू राहिले तर पैसे कोण भरणार, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत.

शस्त्राचा परवाना कंपनीकडे आहे, या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. ऑक्टोबर २०१३ मध्ये चाच्यांपासून जहाजांचे रक्षण करणारी सीमन गार्ड ओहायो ही नौका तुतिकोरिनजवळ अडवली गेली; तिच्यावरील ३५ जणांवर शस्त्रांच्या कागदपत्रांवरून खटला झाला, २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. शेवटी निर्दोष, पण मधली चार वर्षे कोणी परत दिली नाहीत. आपल्या नावाचा परवाना, त्यावरील शस्त्राचा क्रमांक आणि मुदत यांचे छायाचित्र स्वतःजवळ असावे आणि दुसऱ्याच्या नावावरचे शस्त्र एका पाळीपुरतेही घेऊ नये.

बळाच्या वापराचे नियम लेखी मिळाले पाहिजेत. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेनुसार गोळीबार हा स्वतःचा किंवा इतरांचा जीव वाचवण्यासाठी किंवा जिवाला गंभीर धोका निर्माण करणारा गुन्हा रोखण्यासाठीच. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर कंपनीच्या पथकाच्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मारले गेले. त्या वेळी परदेशी कंत्राटदारांना इराकी कायद्यापासून मिळालेले संरक्षण १ जानेवारी २००९ पासून संपले. त्या पथकातील चौघांना २०१४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने दोषी ठरवले आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळाली. अशा माफीच्या भरवशावर कोणी राहू नये. गोळी सुटली, मग ती चुकून का असेना, त्याच दिवशी लेखी अहवाल द्यावा: वेळ, ठिकाण, अंतर, काय दिसले, किती गोळ्या. आठवड्यानंतर लिहिलेल्या अहवालावर तपास अधिकारी फारसा विश्वास ठेवत नाही, आणि त्याचे बरोबरच असते.

तयारीत नेमबाजीपेक्षा प्रथमोपचाराला अधिक वेळ द्यावा, असे माझे मत आहे. हातापायाच्या जखमेतून धो धो रक्त वाहत असेल तर टूर्निके (रक्त थांबवण्यासाठी दांडीने आवळायचा पट्टा) जखमेच्या वर, धडाच्या दिशेने बांधून रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची असते आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची असते. हे वाचून येत नाही. दिवा मालवून, एकट्या डाव्या हाताने, स्वतःच्या उजव्या दंडावर ती पट्टी चढवून पाहावी. पहिल्या खेपेला पट्टा बाहीत अडकतो, दांडी घामेजल्या बोटांतून निसटते आणि ती अडकवण्याची खाच सापडत नाही. पंचविसाव्या खेपेला हात आपोआप चालतो. संच नेहमी एकाच खिशात ठेवावा, आणि तो खिसा शेजारच्या सहकाऱ्यालाही ठाऊक असावा.

चौकीपेक्षा रस्ता अधिक घातक असतो. २० जून २०१६ रोजी काबूलमध्ये कॅनडाच्या वकिलातीच्या पहारेकऱ्यांना कामावर नेणाऱ्या मिनीबसवर आत्मघाती हल्ला झाला आणि डझनाहून अधिक पहारेकरी, बहुतेक नेपाळी, मारले गेले. म्हणून राहण्याच्या जागेपासून कामापर्यंत कसे नेणार, वाहन चिलखती आहे का, वेळ आणि मार्ग बदलतात का, हे करारापूर्वीच विचारावे. चिलखती जाकिटातील गोळी अडवणाऱ्या सिरॅमिक प्लेट्स कंपनीच्या असल्या तरी त्यांवरील तारीख आणि तडे स्वतः पाहून घ्यावेत.

घर सोडण्यापूर्वी एक पाकीट तयार करावे: कराराची व पॉलिसीची प्रत, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, बँकेचे तपशील, आपल्या वकिलातीचा आणि कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या कक्षाचा क्रमांक, विम्याच्या दाव्याच्या मुदती. अपहरण झाल्यास माणूस जिवंत असल्याची खात्री पटवण्यासाठी, समाजमाध्यमांवर कोठेही सापडणार नाहीत असे दोनतीन खासगी प्रश्न आणि त्यांची उत्तरे बंद लिफाफ्यात घालून तोही त्याच पाकिटात ठेवावा. पाकीट कोठे आहे, हे घरातील एकाच नव्हे, दोन माणसांना सांगून मगच निघावे.